प्रेत कुणी हलवलं?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

कथा छापून आली. फोनवर आभार मानले असते तर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवला असतात, म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितेय.

पहिलं बाड तुमच्या हातात दिलं तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात होते! रहस्यकथा, भयकथांचा फडशा पाडलेला, खुनाच्या मालिका रात्र रात्र जागून पाहिलेल्या. आणि तुम्ही उभा जन्म पोस्टमार्टेमच्या टेबलाशी काढलेला. चार दिवसांनी बाड परत आलं ते पेन्सिलीच्या खुणांनी भरून. सातव्या पानावर हवालदार पालथं पडलेलं प्रेत बघतो, पाठीवरचे जांभळे डाग पाहून शहारतो. तिथे समासात तुमच्या किरट्या अक्षरात एवढंच होतं: 'हे प्रेत कुणी हलवलं?'

कुणीच नाही, मी म्हटलं. डाग आपले भीती वाटावी म्हणून घातलेत.

तुम्ही हसला नाहीत, हे तुमचे उपकार. हृदय थांबलं की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे डाग धरतं. काही तासांत ते पक्के झाले की मग प्रेत कसंही फिरवा, ते जागा सोडत नाहीत. म्हणजे माझी बाई मेल्यावर कित्येक तास उताणी पडलेली होती. 'तुमच्या कथेत आणखी एक माणूस आहे. तो रात्री येऊन प्रेत पालथं करून गेलाय, आणि तुम्हालाच त्याचा पत्ता नाही,' तुम्ही म्हणालात. खरं सांगते, माझ्याच कथेची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. छापून आलेली कथा त्या माणसाचीच आहे.

बाकीच्या चुका सांगायलाही लाज वाटते. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी नेला की माणूस धाडकन कोसळतो, हे मी पडद्यावरून जसंच्या तसं उचललं होतं. प्रत्यक्षात त्याला काही मिनिटं लागतात, हे तुमच्याकडून कळलं. 'मृत्यू नऊ वाजून दहा मिनिटांनी' या वाक्यावर तर तुम्ही नुसतीच फुली मारली होती.

शेरलॉक होम्सची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. 1887 साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत त्याची ओळख होते ती विच्छेदनगृहातल्या प्रेतांना काठीने मारून पाहणारा माणूस म्हणून. मेल्यानंतर वळ कितपत उठतात, ते त्याला बघायचं असतं. मी ती कादंबरी दोनदा वाचली होती, पण हे वाक्य डोळ्यांखालून तसंच निघून गेलं होतं.

भुताखेतांशी मात्र तुमचं जमत नाही. तरी रक्तपिपासूंचा विषय निघाला तेव्हा तुम्हीच खुर्ची पुढे ओढलीत. 1732 साली ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी सर्बियातल्या एका गावात थडगी उघडून अहवाल लिहिला: प्रेतांच्या तोंडाशी ताजं रक्त, नखं नवी. आत साचलेल्या वायूने लालसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी दिसतात, हे तुम्ही अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलंत. भूत गेलं, पण त्या डॉक्टरांच्या कंदिलाचा उजेड माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्यावर लिहिणार आहे. तुम्ही नाक मुरडाल, मुरडा.

एका खुणेबद्दल तेव्हा मी रागावले होते. शेवटच्या पानाखाली तुम्ही लिहिलं होतं: 'प्रेत 31 वेळा, नाव एकदा.' मोजलं होतंत चक्क! मला वाटलं, ही वैद्यकातली चूक नाही, इथे यांचा काय संबंध? आठवडाभर बाड उघडलं नाही. मग उघडलं आणि तिचा चष्मा लिहिला, एका दांडीला दोरा गुंडाळलेला. तो दुरुस्त करायला ती दुसऱ्या दिवशी जाणार होती. आता वाचणारे जांभळ्या डागांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, चष्म्याबद्दल विचारतात.

नव्या कथेचं बाड सोबत पाठवतेय. पेन्सिलीला टोक करून ठेवा. या कथेत प्रेत जागचं हललेलं नाही. निदान माझ्या माहितीत तरी.

तुमची,
सातव्या पानावर सापडलेली लेखिका