खुनी कोण ते सोडून बाकी सगळं

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड बोलणं होत नाही, बाबा स्पीकरवर ठेवतात आणि मागे तुमचा टीव्ही, म्हणून लिहूनच पाठवतेय. कादंबरीचा पहिला ड्राफ्ट झालाय एकदाचा. कच्चाच आहे, मधली तीन-चार प्रकरणं तर मलाच वाचवत नाहीत, पण शेवटापर्यंत पोचले हे खरं.

आई, तुला वाटतं मी सकाळी उठून सुचेल ते लिहीत बसते. बाकी गोष्टींत चालत असेल तसं, रहस्यकथेत माझं तरी नाही चाललं. मी मागून सुरुवात केली. आधी खुनी ठरवला, मग त्याला खून करायची गरजच का पडावी ते, आणि आमचे हवालदार सगळ्यात शेवटी आले. एक एक्सेल शीट केलीय, त्यात एका कॉलममध्ये खरं काय घडलं ते तारखेनिशी वेळेनिशी, शेजारी कोण काय खोटं सांगतंय, आणि त्याच्या शेजारी वाचकाला ते कधी कळणार. लिहायला बसायच्या आधी महिनोन्महिने नुसती ही शीटच भरत होते, ऑफिसात कुणी मागून बघितलं तर वाटायचं काय मन लावून काम करतेय पोरगी!

खुनाचं कारण मात्र बाबांच्या कृपेने सापडलं. तुम्ही तलाठी होतात म्हणून जेवताना आपल्याकडे अर्ध्या तालुक्याची भांडणं वाढली जायची, त्यातलंच हे. तासगावकडचं गाव, द्राक्षबाग, बापाने स्वतः घेतलेली जमीन आणि तो मृत्युपत्र न करताच गेलेला. दोन भाऊ आणि एक बहीण, आक्का. विधवा, मूलबाळ नाही, आणि ती हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडून द्यायच्या कागदावर, सही करायला तयार नाही. आता 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 15 आहे, बाईला बापाकडून आलेली मिळकत, पोटी कुणी नसेल, तर सासरी जात नाही, बापाच्या वारसांकडे परत येते. म्हणजे आक्का मेली की हिस्सा भावांना. पण ती दिराच्या मुलीच्या नावाने मृत्युपत्र करायला निघालेली असते, दोन साक्षीदार बघून ठेवलेले असतात, आणि ते झालं की संपलं. म्हणजे घाई आहे. आणि त्याच कायद्यात कलम 25, ज्याने खून केला त्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही! हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली. खुन्याला खून पचवायचाय तो नुसता फाशीच्या भीतीने नाही, खून आहे असं ठरलंच तर सगळा खटाटोपच फुकट. त्यामुळे पोलिसांच्या कागदावर ते अकस्मात मृत्यू म्हणूनच राहायला पाहिजे. अख्खी कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी विष घालणार होते, बागवाल्यांच्या घरात फवारणीची औषधं असतातच, पण व्हिसेराचा रिपोर्ट यायला महिने लागतात, तोवर माझ्या हवालदारांनी काय करायचं, चहा प्यायचा? मग विहीर घेतली. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, गावात बाहेरचे मजूर, पाऊस होऊन गेल्याने विहीर भरलेली, सगळे म्हणतात पाय घसरला. पाण्यात डायटम म्हणून डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, माणूस जिवंतपणी बुडाला तर ते पाण्याबरोबर फुप्फुसात, तिथून रक्तात आणि हाडाच्या आतपर्यंत जातं, आणि प्रत्येक पाण्यातलं वेगळं असतं. आक्काच्या हाडात सापडतं ते विहिरीतलं नाही, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यातलं. शेततळं कुणाचं ते नाही सांगत.

साल मुद्दाम 2023 ठेवलंय. 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम 103 झालं, पण तीनशे दोन म्हटल्यावर जो दरारा वाटतो तो एकशे तीनला नाही हो. आणि शेवटी खुनी पोलीस स्टेशनात धाय मोकलून कबुली देतो ते सिरियलसारखं माझ्याकडे नाहीये, पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. त्यामुळे शेवटची पन्नासेक पानं कागदपत्रांचीच झालीत, ती कंटाळवाणी झालीत का हे मला कळेनासं झालंय.

दिवाळीला प्रिंट घेऊन येते. बाबा, वारसनोंदीचं प्रकरण आणि विहिरीवरचा पंचनामा तुम्ही लाल पेनाने बघायचा. तुम्ही पीक नुकसानीचे पंचनामे लिहायचात ना, 'समक्ष पंचांनी पाहिले असता', तीच भाषा मी उचललीय, जमलीय का सांगा. आईने आक्काचं बोलणं मोठ्याने वाचून बघायचं, पुण्यात राहून माझ्या तोंडची तिकडची बोली पातळ झालीय.

आणि आई, एक विचारायचंय, म्हणूनच खरं हे पत्र. दुसऱ्या प्रकरणात धाकटा भाऊ आक्काला सही करायला तालुक्याला नेतो, त्याआधी दुकानात नेऊन साडी घेऊन देतो, आणि ती पदराचा काठ बोटाने घासत म्हणते, 'रंग जाईल हिचा'. तू मामाला हक्कसोड करून दिलीस तेव्हाची हिरवी साडी आहे ती. तू सही करून आलीस, आक्का दुकानातूनच परत फिरते, एवढाच फरक. मामा वाचणार, मामी तर नक्कीच. मामाने काही वाईट केलं असं मी कुठे म्हटलेलं नाही, पण लोक काय वाचतात ते आपल्या हातात नसतं. त्या प्रसंगावाचून आक्का उभी राहत नाही, तरी तू नको म्हणालीस तर काढते, दुसरं काहीतरी शोधेन. हे तू एकटीने ठरव, बाबांना विचारू नकोस, ते लगेच म्हणतील घरातलं बाहेर कशाला.

तुमची,
चिमी