व्हायरसच्या इंजेक्शनची बातमी आणि गाळलेली माहिती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रोस्टेट कॅन्सरवर व्हायरसचं इंजेक्शन आलं अशी बातमी वाचली. मथळा एवढा मोठा की घरात पेशंट असलेल्या माणसाची नजर तिथून हलू नये, आणि खाली मजकूर बघायला जावं तर इंजेक्शन कोणाला दिलं, कॅन्सर कुठल्या स्टेजला होता, तुलना कशाशी केली, यातलं काहीच नाही. ओळखीतल्या दोघांनी ते कात्रण मला फॉरवर्ड केलं. त्यातल्या एकाच्या वडिलांचा कॅन्सर हाडांत गेलेला आहे आणि त्याचा प्रश्न एकच, "हे कुठे मिळेल?" आता याचं उत्तर बातमीतच असायला हवं होतं ना, ते नाही म्हणून हा पत्रप्रपंच.

वर्णनावरून ते औषध कॅन-२४०९ असावं. सर्दी-पडसं करणारा जो अडेनोव्हायरस असतो त्याची वाढायची ताकद काढून घेतलेली आणि त्यात हर्पिसच्या व्हायरसमधलं एक जीन बसवलेलं. अल्ट्रासाउंडवर बघत सुईने तो थेट प्रोस्टेटमध्ये सोडतात, पेशीत शिरला की त्या जीनमुळे पेशी एक एन्झाइम बनवायला लागते, आणि मग पेशंटला काही दिवस व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, म्हणजे हर्पिसवर डॉक्टर नेहमी देतात त्याच. एरवी ती गोळी आपल्या पेशींना फारसं काही करत नाही पण ते एन्झाइम असलेल्या पेशीत तिचं विष होतं आणि पेशी दोन व्हायला गेली की मरते. मेलेल्या पेशींचा जो कचरा बाहेर पडतो त्याने शरीराची प्रतिकारशक्ती जागी व्हावी हा खरा डाव. थोडक्यात व्हायरस इथे कॅन्सर खात-बित नाही, तो नुसता पोस्टमन आहे. तुमच्या चित्रात मात्र त्याला जबडा काढलाय!

ट्रायल चांगली मोठी होती, ७४५ पेशंट. पण सगळे असे की ज्यांचा कॅन्सर ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, आणि सगळ्यांना रेडिएशन दिलेलंच होतं. काहींना त्यासोबत हे इंजेक्शन, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं नावाचं इंजेक्शन. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने निकाल जाहीर केला की कॅन्सर परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला. २ वर्षांनी बायोप्सी केली तेव्हा इंजेक्शनवाल्यांपैकी ८०.४ टक्के लोकांच्यात कॅन्सर सापडला नाही आणि प्लासिबोवाल्यांच्यात हाच आकडा ६३.६. हे कमी नाही हां, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण माणूस जास्त वर्षं जगतो का हा या ट्रायलचा मुख्य निकष नव्हताच. आणि हाडांत पसरलेल्या कॅन्सरचा तर तिथे प्रश्नच नव्हता. ही दोन वाक्यं छापली असती तर त्या मुलाने निदान चुकीच्या दारी चकरा मारल्या नसत्या.

मी एवढा चिडायचं कारण म्हणजे हे आधी एकदा होऊन गेलंय. प्रॉस्टव्हॅक नावाची लस होती, पहिला डोस देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया व्हायरसचा आणि पुढचे कोंबड्यांच्या देवीच्या व्हायरसचे, दोन्हींत पीएसएचं (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, रक्ताच्या तपासणीत मोजतात तेच) जीन घातलेलं, म्हणजे शरीराने पीएसए बनवणाऱ्या पेशी ओळखून त्यांच्यावर तुटून पडावं. २०१० मध्ये १२५ पेशंटांच्या ट्रायलचा निकाल आला, लसवाले सरासरी २५.१ महिने जगले आणि बाकीचे १६.६. साडेआठ महिने जास्त! सगळीकडे आनंदीआनंद. पण त्याच ट्रायलमध्ये कॅन्सर वाढायला लागणारा वेळ दोन्ही गटांत सारखाच होता, आणि मुळात ट्रायल आखली होती ती तेच मोजायला, हे मात्र मागे राहिलं. मग १,२९७ पेशंटांची मोठी ट्रायल झाली आणि २०१७ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण लस घेतलेले ३४.४ महिने आणि नुसता प्लासिबो घेतलेले ३४.३. पहिल्या निकालाच्या जेवढ्या बातम्या झाल्या त्याच्या पावपट तरी दुसऱ्याच्या कुठे वाचल्यात का सांगा.

प्रोस्टेटचं हे असं का होतं तेही कोणीतरी एकदा नीट लिहायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेत टी-व्हेक नावाच्या, बदल केलेल्या हर्पिस व्हायरसला मेलानोमासाठी मंजुरी मिळाली. तो कातडीचा कॅन्सर, गाठ हाताला लागते, इंजेक्शन देता येतं, शिवाय तिथे प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी जागी असते. प्रोस्टेटची गाठ डॉक्टरांच्या भाषेत 'थंड', लढणाऱ्या पेशी तिच्या आत फारशा फिरकतच नाहीत, म्हणून इतर कॅन्सरमध्ये गाजलेली इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार, इथे बहुतेकांच्यात फुसकी ठरते. व्हायरसने ही गाठ 'गरम' करता येईल का यावर खरं काम चालू आहे आणि ते महत्त्वाचं आहे. पण कॅन्सर मणक्यात, बरगड्यांत, कमरेच्या हाडात विखुरला की सुई कुठे कुठे टोचणार? शिरेतून सोडावा तर बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात अडेनोव्हायरसच्या अँटीबॉडी आधीपासूनच असतात आणि उरलेला बराचसा यकृतच गिळून टाकतं.

उलट ज्यांचा कॅन्सर पसरलाय त्यांच्या कामाचं काय आहे ते तुमच्या बातमीत एका ओळीतही नाही. पीएसएमए नावाचं प्रथिन प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असतं, त्याला जाऊन चिकटणारं ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ८३१ पेशंटांच्या ट्रायलमध्ये, हॉर्मोनच्या गोळ्या आणि केमो होऊन गेलेल्यांच्यात, नेहमीच्या उपचारांवर ११.३ महिने तर हे जोडल्यावर १५.३. चार महिने तर चार महिने, पण ते जगण्याचे महिने आहेत, पीएसएच्या रिपोर्टमधला आकडा नाही. ते देण्याआधी पीएसएमए पेट स्कॅन करून पेशींवर ते प्रथिन आहे का बघावं लागतं. तसंच बीआरसीए या, पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जीनमध्ये बिघाड असेल तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या आहेत, २०२० पासून, आणि ही जीन टेस्ट करा असं डॉक्टरांना विचारायचं असतं हेच कित्येक घरांत माहीत नसतं. मी त्या मुलाला शेवटी एवढंच सांगितलं की हा स्कॅन आणि ही टेस्ट झालीये का ते आधी विचार.

आणि "कुठे मिळेल" या प्रश्नाचा धंदा करणारेही असतात. लाटव्हियात रिगव्हिर नावाचं व्हायरसचं औषध २००४ पासून रजिस्टर होतं, परदेशातून पेशंट तिकडे जायचे. २०१९ मध्ये तपासणी झाली तर बाटलीत व्हायरस लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी निघाला आणि विक्री थांबवली.

तेव्हा विनंती अशी की यापुढे अशी बातमी छापताना खाली चार ओळींची चौकट द्या: कुठल्या स्टेजचे पेशंट, तुलना कशाशी, मोजलं काय (पीएसए, स्कॅन, बायोप्सी की आयुष्य), आणि माहिती कंपनीच्या पत्रकातली की जर्नलमधली. जागा नसेल तर तो जबडेवाला व्हायरस थोडा लहान करा. या रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर खुलासा आला तर बरं होईल, कारण ते कात्रण अजून फिरतंय.

आपला,
एक नियमित वाचक