जुन्या पिकअपलाही वारशाच्या नियमात जागा हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिचोली येथील आमच्या घराण्याच्या भुसारी दुकानाची १९५० सालची शेव्हरोले ३१०० ही पिकअप गाडी अनेक वर्षांच्या कामानंतर या फेब्रुवारीत पुन्हा स्वतःच्या इंजिनावर धावू लागली. एका कुटुंबाने आपली जुनी गाडी दुरुस्त केली, ही काही वृत्तपत्राला कळवण्याची गोष्ट नव्हे. तथापि काम संपत आल्यावर कागदपत्रांकडे वळलो, तेव्हा असे लक्षात आले की, जुन्या वाहनांच्या जतनासाठी आपल्या देशात जो नियम झाला आहे, त्यात मोटारींना आणि दुचाकींना जागा आहे, पण माल वाहून नेणाऱ्या गाडीला नाही. ही उणीव गोव्याला इतर राज्यांपेक्षा अधिक जाणवेल असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज मोटार वाहन’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. पहिल्या विक्रीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन या वर्गात नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे, ती १० वर्षे टिकते, नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात, आणि ज्या वाहनाची पूर्वी भारतात नोंदणी झालेली आहे, त्याला आपला जुना क्रमांक राखता येतो. अशा वाहनाने रोजची ये-जा किंवा धंदा करायचा नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच ते रस्त्यावर आणायचे, ही अटही रास्त आहे. अडचण आहे ती व्याख्येत. दुचाकींचे एल-१ व एल-२ आणि चारचाकींचा एम-१, एवढेच प्रवर्ग तिने घेतले आहेत. एम-१ म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनांचे प्रवासी वाहन. पिकअप ही मालवाहू असल्यामुळे ती एन-१ मध्ये मोडते आणि म्हणून पाऊणशे वर्षांची झाली तरी नियमाच्या लेखी ती केवळ एक जुनाट टेम्पो ठरते. व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा संस्थानिकांच्या मोटारी असाव्यात.

गोव्यात संस्थानिक नव्हते. येथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, मुरगाव बंदरातून गाड्या थेट परदेशातून येत, आणि त्यांतल्या पुष्कळशा कामासाठीच येत. १९५० च्या दशकात लोहखनिजाची जपानकडे निर्यात वाढली, तसा डिचोली आणि सत्तरीच्या खाणपट्ट्यात ट्रक व जीपगाड्यांचा सुळसुळाट झाला. त्याच दशकात भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी लागू केल्यावर बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा आणि सिमेंट जपानचे, अशी अवस्था आली. हा सगळा माल मुरगावच्या धक्क्यावर उतरे आणि तेथून खेडोपाडीच्या दुकानांपर्यंत पोहोचवण्याचे काम आमच्यासारख्या अर्ध्या टनाच्या पिकअप करीत. तेव्हा जुवारीवर पूल नव्हता, तो १९८३ साली झाला, मांडवीवरही नव्हता. कुठ्ठाळी ते आगशी आणि पणजी ते बेती अशा दोन्ही नद्या फेरीबोटीने ओलांडून गाडी घरी येई. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ, सुपारी आणि मिरची घेऊन जाणे हे तिचे नेहमीचे काम होते, आणि लग्नसराईत मागच्या हौद्यात सतरंजी अंथरून वऱ्हाडही तिनेच नेले आहे. रॅलीत जी चकचकीत मोटार आपण पाहतो, ती त्या काळी फार थोड्यांच्या दारात होती. ही गाडी मात्र गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या उपयोगी पडलेली आहे.

पुनर्बांधणीचे काम कसे झाले, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यातच माझ्या मागणीचे कारण आहे.

आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत बाराही महिने दमटपणा असतो. या गाडीच्या केबिनचे मागचे दोन्ही कोपरे, पायाखालचा पत्रा आणि दारांखालच्या पायऱ्या गंजून चाळणी झाल्या होत्या. तयार सुटे पत्रे अमेरिकेतून मागवता येतात, परंतु वाहतूक आणि जकात धरता त्यांची किंमत आमच्या आवाक्याबाहेर गेली असती. शेवटी म्हापशाच्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने कागदाचे नमुने कापून, लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठोकून आणि गॅस वेल्डिंगने जोडून हे सर्व भाग घडवले. भोकांवर पुट्टी थापून वर रंग मारण्याची जी सोपी रीत सर्वत्र चालते, ती त्याने साफ नाकारली. दोन पावसाळ्यांत पुट्टीखालचा गंज फुगून वर येतो, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खरे आहे. रंगाचे काम आम्ही केवळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात केले. दमट हवेत रंग मारला की तो सुकताना त्यात ओलावा अडकून पृष्ठभाग पांढुरका पडतो, आणि मग सगळे खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो. जुने थर काढताना सर्वांत खाली गडद हिरवा रंग निघाला. तो त्या काळातल्या शेव्हरोले ट्रकांचा नेहमीचा रंग होता, आणि तोच आता परत दिला आहे.

इंजिनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. सहा सिलिंडरांचे, २१६ घन इंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे हे पेट्रोल इंजिन जुन्या पद्धतीचे असून त्याच्या कनेक्टिंग रॉडना, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्यांना, बदलता येण्याजोगे बेअरिंग नसतात. रॉडच्या मोठ्या डोक्यातच व्हाइट मेटल, म्हणजे कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचे मिश्रण, वितळवून थेट ओतलेले असते. त्याला तेल मिळण्याची तऱ्हाही निराळी आहे: रॉडच्या टोकाला असलेली लहानशी पळी खालच्या पन्हळीतून तेल उचलते आणि पंपाची धार त्या पळीवर पडते. हे व्हाइट मेटल झिजून गेले होते. ज्या ज्या गॅरेजमध्ये विचारले, तेथे एकच सल्ला मिळाला: ‘शेट, डिझेल इंजिन बसवा आणि मोकळे व्हा.’ इंधन महागल्यावर देशभरात असंख्य अमेरिकन गाड्यांचे असेच झाले, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांना दोष देता येत नाही. परंतु तसे केले असते तर ती गाडी नावापुरतीच शेव्हरोले उरली असती, आणि वर सांगितलेल्या नियमानेही अशा बदललेल्या इंजिनाला जागा दिलेली नाही, जे योग्यच आहे.

व्हाइट मेटल ओतणारा माणूस अखेर सापडला तो मोटार गॅरेजमध्ये नव्हे, तर मांडवीच्या काठी. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या यांत्रिक दुरुस्तीत आयुष्य घालवलेले ते गृहस्थ २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यापासून आणि २०१८ मध्ये खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यानंतर तर पूर्णपणेच घरी बसले होते. रॉड आम्लाने स्वच्छ करणे, तांब्याच्या भांड्याला करतात तशी त्याला कल्हई करणे, योग्य तेवढे तापवून एका दमात मिश्रण ओतणे, मग लेथवर छिद्र मापात आणणे आणि टोपीखाली पातळ पत्र्या घालून फट जुळवणे, हे सर्व त्यांनी आपल्या घराच्या मागील शेडमध्ये केले. त्यांच्या हाताखाली शिकायला कोणीही नव्हते. आमचे काम झाले याचे समाधान आहेच, परंतु असे कौशल्य जाणणारी किती माणसे आता या राज्यात उरली असतील, याची चिंता त्याहून मोठी आहे. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा कारागिरांना अतिथी म्हणून बोलावून दोन-चार मुलांना जरी हे काम शिकवले, तरी जुन्या बोटी, पंप आणि गिरण्यांनाही त्याचा लाभ होईल.

हौद्याचा तळ या गाडीत मुळात लाकडी फळ्यांचा आणि त्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्यांचा असतो. आम्ही पाडल्या जात असलेल्या एका जुन्या घराचे माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाचे वासे विकत घेऊन त्यांच्या फळ्या पाडल्या, कारण ताजी माट्टी वाळताना चिरा पाडते आणि जुन्या वाशांना ते भय उरलेले नसते. विजेची जोडणी सहा व्होल्टचीच ठेवली आहे. सहा व्होल्टवर तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून हल्लीच्या बारीक केबल वापरल्या की स्टार्टर रेंगाळतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. जाड केबल आणि रंग खरवडून घट्ट केलेले अर्थिंग एवढ्यावर ही तक्रार मिटते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि इंधन पंपाचा पडदा खराब करते आणि हवेतील ओलावाही शोषते, त्यामुळे हे भाग इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालावे लागले, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवणे भाग आहे.

एवढे सर्व करून ही गाडी नोंदणीच्या दृष्टीने कोठे उभी आहे? तिचा चासी मूळचा आहे, इंजिन मूळचे आहे, केबिनचे बदललेले भागही मूळ आकाराबरहुकूम आहेत. जुन्या मोटारीकडून नियमाला जे अपेक्षित आहे, ते सर्व तिच्यात आहे. केवळ मागे आसनांऐवजी हौदा आहे. मालवाहू म्हणून तिची नोंदणी चालू ठेवायची, तर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घेत राहावे लागेल, जणू ती उद्या पुन्हा सिमेंटच्या गोणी भरणार आहे. एका कार्यालयात तर मला असे सुचवण्यात आले की, हौद्यात बाके बसवून तिला प्रवासी गाडी दाखवावे. जतनासाठी केलेल्या नियमात बसण्याकरिता गाडीचे मूळ रूपच बिघडवायचे, हा सल्ला मी स्वीकारू शकलो नाही.

माझी विनंती राज्याच्या वाहतूक खात्याला आहे. नियम केंद्राचा आहे हे खरे, परंतु त्यात दुरुस्ती सुचवण्याचा मार्ग राज्याला मोकळा आहे. खाजगी मालकीच्या, ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि भाड्याने न चालणाऱ्या हलक्या मालवाहू गाड्यांना, तसेच ‘कारेर’ म्हणून जुन्या पिढीला ठाऊक असलेल्या प्रवासी बसगाड्यांनाही, व्हिंटेज वर्गात घ्यावे, अशी शिफारस गोव्याने केंद्राकडे करावी. रोजच्या वापरास आणि धंद्यास जी मनाई आहे, ती या गाड्यांनाही तशीच लागू राहावी. त्यामुळे या सवलतीचा गैरफायदा घेऊन जुन्या ट्रकांनी वाहतूक करण्याचा धोका उद्भवत नाही. बाणावली येथील ‘गोवा चक्र’ या संग्रहालयात बैलगाड्या आणि घोडागाड्या मोठ्या आस्थेने जपलेल्या आहेत. बैलगाडीनंतर गोव्याचा माल ज्यांवरून गेला, त्या गाड्या मात्र आजही भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातात.

दुसरी विनंती अभिलेखांविषयी आहे. व्हिंटेज नोंदणीसाठी वाहनाच्या पहिल्या विक्रीची किंवा नोंदणीची तारीख दाखवावी लागते. मुक्तीपूर्व गाड्यांचे कागद पोर्तुगीज भाषेत आहेत, मुक्तीनंतरच्या ‘जीडी’ या वाहन क्रमांकांच्या मालिकेतल्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत, आणि यांपैकी पुष्कळ नोंदी संगणकीय प्रणालीत आलेल्याच नाहीत. आमच्या गाडीच्या बाबतीत इंजिनाच्या ब्लॉकवरील ओतकामाची खूण उपयोगी पडली. त्या काळी ब्लॉकवर महिन्यासाठी एक अक्षर, पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा उठवलेला असे, आणि तो आमच्या जुन्या कागदावरील वर्षाशी जुळला. ज्यांच्याकडे कागद उरलेला नाही, त्यांना मूळ नोंदपुस्तकांवाचून गत्यंतर नाही. तेव्हा ज्या कार्यालयांत ही पुस्तके अजून शिल्लक असतील, त्यांनी ती वाळवी आणि ओल यांच्या तावडीत न सोडता पुराभिलेख खात्याच्या स्वाधीन करावीत, त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत, आणि मालकाने अर्ज केल्यास संबंधित पानाची प्रमाणित प्रत देण्याची व्यवस्था करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, डिचोली