हाड पोचलं, आता सविस्तर ऐक

प्रिय पश्या,

तुझं कुरिअर मंगळवारी पोचलं. खोक्यावर तू मोठ्या अक्षरांत 'नाजूक वस्तू' लिहिलंयस आणि आत निघालं काय, तर उंटाचं हाड. आईने उघडलं. आधी हाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाली, 'कुणी सांगितलंय हे करायला?' तिला वाटलं मी कुठल्या बाबाच्या नादी लागलोय. मिरजेहून आलंय, सतारीच्या घोडीला, म्हणजे तारांखालच्या पट्टीला, लावतात तेच, असं सांगितल्यावर जरा निवळली, पण स्वयंपाकघरात आणायचं नाही ही अट घातलीच.

पाठवून झाल्यावर तू विचारलंस, हाड तुला कशाला हवं होतं. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच 'बरं बरं' म्हणून तुझं पुराण सुरू करशील, म्हणून लिहितो.

तर, घेतली एकदाची. इलेक्ट्रिक गिटार, लेस पॉल मॉडेलची. गिब्सन कंपनीची नाही रे बाबा, एपिफोनची, स्टँडर्ड, साधारण २०१२ची, सेकंडहँड, डोंबिवलीच्या एका मुलाकडून २४ हजारांना. मुलगा कॅनडाला चाललाय, त्याची आई दारात उभी राहून 'जपून वापरा हं' म्हणत होती, जणू गिटार नाही मुलगीच देतेय. गिब्सनची स्टँडर्ड काही लाखांच्या घरात आहे, आणि आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत एवढ्या किमतीची दुसरी एकही वस्तू नाही, त्यामुळे तो विषय केव्हाच संपला होता. म्हणजे मी तसं म्हणायचो. संपला नव्हता.

डोंबिवलीहून परत येताना मालडब्यात चढलो. बाजूला कोळणीच्या रिकाम्या पाट्या, समोर एक जण सायकलची सहा टायरं घेऊन, आणि मी चार किलोचं धूड छातीशी धरून उभा. घाम गर्दीचा नव्हता रे, भीतीचा होता. या गिटारचं डोकं मागे कललेलं असतं, गिब्सनचं १७ अंश, एपिफोनचं १४, आणि महोगनीचा दांडा नेमका तिथेच पातळ, त्यात ट्रस रॉडसाठी, म्हणजे दांडा सरळ ठेवणाऱ्या सळईसाठी, आतून कोरलेला. नुसती स्टँडवरून पालथी पडली तरी मान मोडते. ठाण्याला माणसं आत घुसली तेव्हा कोळीणच ओरडली, 'अरे त्याच्या पेटीला धक्का मारू नका रे!' पेटी म्हणाली, पण वाचवलं.

आता तू म्हणशील, एपिफोन म्हणजे डुप्लिकेट. कॉलेजच्या कट्ट्यावर पण हेच म्हणायचास, स्वतःकडे ती देशी गिव्हसन असताना. (आणि पोरींना सांगताना तो 'व्ह' किती हळू म्हणायचास ते माझ्या लक्षात आहे.) पण ऐक, एपिफोन ही गिब्सनची नक्कल म्हणून जन्मली नाही. स्टॅथोपुलो नावाच्या ग्रीक कुटुंबाची न्यूयॉर्कमधली कंपनी, एपी म्हणजे एपामिनोन्डास, त्याच्याच नावावरून एपिफोन, आणि १९३०च्या दशकात गिब्सनला तोडीस तोड टक्कर द्यायचे. १९५७ साली गिब्सनच्या मालकांनी कंपनीच विकत घेतली. मग माल जपानहून यायला लागला, मग कोरियाहून, आणि २००४पासून चीनमध्ये चिंगदाओला त्यांचा स्वतःचा कारखाना. म्हणजे एकेकाळचा प्रतिस्पर्धी आज घरातला धाकटा भाऊ, थोरल्याचे कपडे घालून फिरणारा.

आणि दुसरी गोष्ट, ही वाचताना बसून घे. स्लॅश. गन्स एन' रोझेसचा गिटारवाला, तुझ्या भिंतीवर ज्याचं पोस्टर होतं तो. १९८७च्या त्या पहिल्या अल्बममधला जो आवाज आपण 'हाच खरा गिब्सन' म्हणून डोक्यावर घेतला होता ना, ती गिटार गिब्सन नव्हतीच. क्रिस डेरिग नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने हाताने बनवलेली नक्कल होती, त्यात सेमूर डंकनचे अल्निको टू पिकअप (तारेची थरथर पकडणारी चुंबकं आणि कॉइल). मला हे कळलं तेव्हा मी चर्चगेट स्टेशनवर उभा होतो आणि दोन गाड्या सोडल्या. अख्खी अकरावी-बारावी आपण ओरिजिनल ओरिजिनल करून भांडलो ते एका कॉपीवरून.

बरं, मूळ मुद्दा. गिटार घरी आली, दिसायला लोणी. वरचा वाघासारखा पट्ट्यापट्ट्यांचा मेपल हा कागदासारखा पातळ पापुद्रा आहे, खाली साधा मेपल, त्याखाली महोगनी, पण दिसायला लोणीच. फिंगरबोर्ड शिसवी. नवीन एपिफोनमध्ये आता शिसव फारसं दिसत नाही, २०१७ साली शिसवाच्या जातीच्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. त्यांच्या माहितीपत्रकात 'इंडियन लॉरेल' असं लिहिलेलं असतं. मला वाटलं काहीतरी भारी विलायती प्रकरण असेल, शोधलं तर काय, आपला ऐन! सह्याद्रीत मगरीच्या पाठीसारखी साल असलेली जी झाडं दिसतात ना, तोच. हसू आलं.

आणि मग मी तीच चूक केली जी सगळे करतात. आधी पिकअप घेतले. १६ हजारांचे. हो, गिटार २४ची आणि पिकअप १६चे, आणि घरात मी सहा सांगितलेत, त्यामुळे वहिनीशी बोलताना आकडा लक्षात ठेव.

घेताना डोक्यात ती पीएएफची दंतकथा. सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनियरने १९५५ साली हंबकर या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, मंजुरी १९५९ला मिळाली, तोवर पिकअपच्या पोटाला 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवलेली, म्हणून पीएएफ. करामत साधीच आहे. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकाचं चुंबक उलटं आणि गुंडाळणंही उलटं, त्यामुळे तारेचा आवाज दोन्हीकडून एकत्र येतो आणि विजेची गुणगुण मात्र एकमेकांना खाऊन टाकते. ते पिकअप बसवलेल्या १९५८ ते ६०च्या सनबर्स्ट लेस पॉल तेव्हा खपल्या नाहीत म्हणून कंपनीने तो आकारच बदलला, आणि आज त्यातली एकेक कोटींत जाते.

पिकअप आले तर पॉट, म्हणजे आवाजाच्या नॉबखालचे भाग, पण बदलू म्हटलं, कारण जुने फिरवले की पापड भाजल्यासारखा आवाज यायचा. दहा-बारा वर्षं आपली खारी हवा खाल्लेले पॉट, त्यांचा काय दोष. लॅमिंग्टन रोड घरापासून चालत दहा मिनिटं, तिथे काय मिळत नाही, ५०० के (किलो-ओहम) चे पॉट मिळाले पण दांडी आखूड, लेस पॉलच्या जाड लाकडातून वर डोकं काढेना. शेवटी सीटीएस कंपनीचे मागवले, तर त्यांचे आटे साडेनऊ मिलिमीटरचे आणि गिटारची भोकं आठची. दोन रात्री रीमरने भोकं मोठी करत बसलो, हाताने, कारण ड्रिल लावलं असतं तर वरचं पॉलिश उडालं असतं. कपॅसिटर मात्र लॅमिंग्टन रोडचाच, वर २२३ छापलेला, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, पाच रुपये. जुन्या तेल-कागदाच्या कपॅसिटरसाठी लोक हजारो मोजतात, मला तर व्हॅल्यू तीच असली की फरक ऐकू येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांना डोळे मिटून ऐकवावं असं वाटतं. वायरिंग १९५०च्या दशकातल्या पद्धतीचं केलं, कपॅसिटर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला, त्याने व्हॉल्यूम खाली घेतला तरी आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होत नाही. हा बदल फुकटचा आहे आणि जबरदस्त आहे.

सगळं जोडलं, अँप्लिफायर (अँप) लावला, आणि असा घूंऽऽऽ आवाज की शेजारच्या काकू मिक्सर बिघडलाय का विचारायला आल्या. जॅकच्या धातूला हात लावला की बंद, तारांना लावला तर ढिम्म फरक नाही. तासभर डोकं खाजवल्यावर उजेड पडला, टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवायच्या खालच्या पट्टीच्या, खुंट्याकडे जाणारी अर्थची वायर मीच ओढाओढीत उपटली होती. परत डाग दिला. पॉटच्या पाठीवर २५ वॅटच्या सोल्डरिंगने डाग धरत नाही हे पण तेव्हाच कळलं, ६०चं लागतं. तरी थोडी गुणगुण राहिलीच, म्हणून वायरमनला बोलावलं, तर खोलीच्या सॉकेटला अर्थिंगच नाही. चाळ बांधली तेव्हापासूनच नसावं. ते आधी करून घेतलं, ते न करता अँप वापरत होतो हे आईला सांगू नकोस.

आणि एवढं सगळं करून, पश्या, गिटार बेसूर. पिकअप छान, आवाज गोड, पण बेसूर! जी ची तार एकदा ओढली की खाली यायची ती परत जागेवर यायचीच नाही, ट्यून करताना नटमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, 'टिंग' करून उडी मारायची. या डोक्यावर तीन-तीन खुंट्या दोन बाजूंना, त्यामुळे मधल्या दोन तारा नटमधून निघाल्या की बाहेर वळतात आणि खाचेत अडकतात. आधीच्या कुणीतरी भलताच प्लास्टिकचा नट बसवलेला. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, दोन दिवस बरं वाटलं. मग एका रिपेअरवाल्याकडे नेली, त्याने जी ची खाच इतकी खोल केली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) झणझणायला लागली, वर पंधराशे घेतले आणि म्हणाला 'विंटेज साउंड आहे'.

तेव्हा मला तू आठवलास. तू एकदा मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीत जवारी काढताना (घोडी घासून आवाज जुळवताना) बघितलेलं सांगितलं होतंस, म्हातारेबुवा कानशीचा एक हात मारतात, तार चढवतात, ऐकतात, परत उतरवतात, दिवसभर तेच. म्हणून तुला फोन करून हाड मागितलं आणि तू काही न विचारता पाठवलंस, हे मी विसरणार नाही.

नागदेवी स्ट्रीटवरून वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या सुयांचा जुडगा आणला, साठ रुपये, खरबरीत असतात आणि जाडी तारांच्या जवळपास. हाड करवतीने कापलं, पॉलिश पेपरवर घासत ४३ मिलिमीटरवर आणलं. वास विचारू नकोस, दातांच्या डॉक्टरकडे येतो तो. मास्क लावून गॅलरीत बसलो होतो. मग खाचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर कागद जाईल न जाईल एवढी फट ठेवायची. एक हात जास्त पडला की संपलं, पहिला नट तसाच वाया गेला. दुसऱ्याला शनिवारची अख्खी दुपार. घास, चढव, ऐक, उतरव. खाच मागच्या बाजूला खुंटीकडे थोडी उतरती करायची, नाहीतर मोकळी तार सतारीसारखी बोलते, जे तिथे हवं असतं आणि इथे नको.

रात्री साडेनऊला तारा चढवल्या, दहा-सेहेचाळीस जाडीचा सेट. जी ओढली, दीड स्वर वर नेली, सोडली. जागेवर. परत ओढली. जागेवर. मी वेड्यासारखा वीस-पंचवीस वेळा तेच करत बसलो, अँप बंद होता तरी, कारण अँपशिवायही ती वेगळी वाजत होती.

गिब्सनसारखी झाली का? नाही. मी शोरूममध्ये वाजवून बघितलीय, त्याचं वजन, ती घोटलेली कड, काहीतरी आहे त्यात. विकायला काढली तर या सगळ्याचे पैसे पण कुणी देणार नाही. पण परत करायचं झालं तर मी आधी नट करीन, मग सेटअप, वायरिंग, आणि पिकअपचे १६ हजार कदाचित खर्चच करणार नाही. डोक्यावरचं एपिफोन खोडून गिब्सनचं स्टिकर लावून देतो म्हणणारा एक जण पण भेटला. नको म्हटलं. तुझा 'व्ह' आठवला.

हाडाचा अर्धा तुकडा उरलाय. तुझी गिव्हसन अजून माळ्यावर आहे ना? तिच्या नटखाली तू आगकाड्या घातल्या होत्यास, त्या काढ, खाली पट्टी लावून रुंदी मोज, मिलिमीटरमध्ये, इंचात नको, आणि फोटो पाठव. तारा नुसत्या सैल कर, काढू नकोस, खाचांमधलं अंतर मला त्यावरूनच घ्यायचंय. दिवाळीला येशील तेव्हा बसवू.

तुझा,
मंद्या