प्यूमाच्या माद्याही तिथे सोडा

संपादक महोदय,

जून २०११ मध्ये अमेरिकेत पूर्वेकडच्या कनेटिकट राज्यात हमरस्त्यावर मोटारीच्या धडकेने एक नर प्यूमा (मांजरकुळातला तिकडचा मोठा शिकारी प्राणी) मेला. डीएनए तपासला तर तो साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांतला निघाला. दोन हजार किलोमीटरहून जास्त चालत आला होता! माद्या मात्र सहसा जन्माच्या मुलखाजवळच राहतात, म्हणून एकट्या नरांनी वंश वाढत नाही. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने पूर्वेकडचा प्यूमा नामशेष धरून संरक्षित यादीतून वगळला, याचं फार वाईट वाटतं. शिकारी उरला नाही, हरणं मातली, रानातली कोवळी रोपं वर येण्याआधीच फस्त होतात. तिथे माद्या नेऊन सोडायलाच हव्यात. ताडोबाची वाघीण आपण सह्याद्रीत आणलीच ना? गुरं गेलेल्यांना भरपाई मात्र हातोहात मिळावी.

– एक वाचक, सातारा