हरणीहून परदेशी विमान कधी सुटणार?

मा. संपादक,
स. न.

बडोद्याच्या हरणी विमानतळाची नवी इमारत २२ ऑक्टोबर २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुली झाली. सुमारे १६० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या इमारतीत गर्दीच्या तासाला ७०० प्रवासी सामावतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाची सोय तिच्या आराखड्यात पहिल्यापासून धरलेली आहे. तरीही नियमित परदेशी उड्डाण इथे आले नाही. सकाळ-संध्याकाळ दिल्ली-मुंबईच्या विमानांची लगबग असते, दुपारी मात्र शुकशुकाट. एवढी मोठी सार्वजनिक मालमत्ता अर्धा दिवस रिकामी राहते याचे मला मनापासून वाईट वाटते.

या विषयावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: अहमदाबाद दोन तासांवर आहे, मग वेगळे विमान कशाला? एक्सप्रेसवे उत्तम आहे, हे खरेच. पण तो अहमदाबादच्या सीटीएमपाशी संपतो आणि विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला हांसोलला आहे. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीच घर सोडावे लागते. मुलांकडे निघालेले सत्तरी ओलांडलेले आई-वडील, सोबत दोन-दोन जड बॅगा, टॅक्सीचे भाडे, आणि पोचवायला गेलेल्या माणसाचे जागरण. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आमच्या मराठी घरांना हे नवीन नाही. भरूच, गोध्रा, छोटा उदेपूरच्या लोकांना तर आधी बडोदे गाठायचे आणि मग पुढची वाट धरायची. दुसरीकडे अहमदाबादला एकच धावपट्टी असून तिथून वर्षाला एक कोटीहून जास्त प्रवासी ये-जा करतात. त्यासाठी धोलेऱ्याला नवा विमानतळ उभा राहतो आहे. तो व्हावा, पण बांधून तयार असलेला आधी वापरात आणायला हवा.

परदेशी कंपन्यांनी कोणत्या भारतीय शहरांत उतरायचे, हे दोन देशांमधल्या हवाई करारात ठरते. त्यामुळे आखाती कंपन्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. भारतीय कंपन्यांना शहराचे असे बंधन नाही. दुबई किंवा शारजा इथून साधारण तीन तासांवर आहे आणि सध्या हरणीला उतरणारी एअरबस ए-३२० जातीची विमाने तिथवर सहज जातात. शेजारच्या सुरतेहून फेब्रुवारी २०१९ मध्ये शारजाचे विमान सुरू झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुबईचेही. सुरतेला प्रवासी मिळतात आणि आम्हाला मिळणार नाहीत, हे पटत नाही. आणंद, नडियाद, करमसद या पट्ट्यात परदेशात नातेवाईक नाहीत असे घर शोधावे लागेल. याशिवाय केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा आणि युनेस्कोच्या यादीतले चांपानेर-पावागढ पाहायला येणाऱ्यांना सर्वांत जवळचा मोठा विमानतळ हरणीचाच.

अडचण सुरुवातीची आहे. कंपनी म्हणते, आधी प्रवासी दाखवा. प्रवासी म्हणतो, आधी विमान तर दाखवा. ही कोंडी राज्य सरकारच फोडू शकते. आसाम सरकारने केंद्राच्या 'उडान' या हवाई प्रवास योजनेच्या आंतरराष्ट्रीय भागात आर्थिक भार उचलला आणि १ जुलै २०१९ पासून गुवाहाटीहून ढाक्याला विमान जाऊ लागले. गुजरातला हे अवघड नाही. पहिले वर्षभर रिकाम्या आसनांची ठरावीक भरपाई सरकारने द्यावी, इमिग्रेशन आणि कस्टमचे कर्मचारी पहिल्या उड्डाणाच्या आधीच नेमावेत, आणि दुपारच्या मोकळ्या वेळेत येणाऱ्या विमानांना विमानतळ शुल्कात सवलत मिळावी. हेच विमान देशांतर्गत मार्गावरून येऊन पुढे आखातात गेले, तर कंपनीलाही परवडेल.

याच विमानतळाला लागून टाटा आणि एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ४० लष्करी विमाने इथे तयार होणार आहेत. जगाला विमान बनवून दाखवणाऱ्या गावातल्या माणसाने परदेशी जायला दुसऱ्या शहराचा रस्ता धरावा, हे बरे नाही.

आमच्या लोकप्रतिनिधींना आणि व्यापारी मंडळांना विनंती आहे की त्यांनी 'आंतरराष्ट्रीय दर्जा द्या' एवढेच निवेदन पुन्हा देऊ नये. एका भारतीय कंपनीशी आठवड्यातून तीन फेऱ्यांचे ठोस बोलणे करावे आणि वेळ अशी मागावी, की आखातातून पुढे लंडन-टोरँटोची विमाने त्याच दिवशी गाठता येतील.

आपला,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे