पियानोचं झाकण

चि. निखिल यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन ठेवला, बाबा झोपायला गेले, पण माझा डोळा लागेना. तू एवढं मनातलं बोललास आणि मी "होईल रे सगळं नीट" म्हणून मोकळी झाले. ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून सकाळचा चहा घेऊन लिहायला बसले आहे. फोनवर बोलणं तुटक होतं, पत्रात सलग सांगता येतं.

तू सांगितलेलं सगळं रात्रभर डोळ्यांसमोर येत होतं. त्या गावातली ती संगीतमंडळी, सप्टेंबरपासून महिन्याला एक असे त्यांचे सहा कार्यक्रम. पोस्टरवर गायिकेचा फोटो, तिचं नाव, संगीतकार शूबर्टचं नाव, आणि तळाला बारीक अक्षरांत "पियानोच्या साथीने". पियानोवर तू असताना, कोणाच्या साथीने ते नाहीच. मग तालमीच्या वेळी कुणीतरी येऊन तुझ्यादेखत पियानोचं झाकण पार खाली पाडलं, का तर गाणं झाकलं जाऊ नये. वर मानधन तिच्या निम्मं. "आई, सात वर्षं घासली ती कुणाच्या तरी मागे बसायला?" असं म्हणालास, आणि शाळेतली नोकरी धरायचं बोललास.

नोकरी धरायची की नाही ते तुझं तू ठरव. घरभाडं तुला भरायचं असतं, मला नाही. पण "मागे बसायला" हे शब्द मला लागले. ते खरे नाहीत, आणि तू ते खरे मानायला लागला आहेस.

मी मिरजेची. साथ म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालायचं आणि तुझे आजोबा मला मांडीवर घेऊन बसायचे. पेटीवाला सतत गवयाच्या तोंडाकडे बघत असायचा. पुढे काय येणार ते त्याला ठाऊक नसतं. गवयाने जागा घेतली की ती उचलायची आणि त्याच्या पाठोपाठ निघायचं. ते फार कठीण काम आहे, आणि त्यात गोविंदराव पटवर्धनांसारखी माणसं होऊन गेली, ज्यांची पेटी ऐकायला लोक नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना जात. पण तुझं काम ते नव्हे. तुझ्या कामाला 'साथ' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ते चित्र येतं, आणि इथे इंग्लंडातल्या लोकांचंही फारसं वेगळं नाही. शूबर्टने पियानोचा प्रत्येक स्वर स्वतः लिहून ठेवला आहे, गाणाऱ्याच्या ओळीइतकाच जपून. गाणाऱ्याने जे बोलायचं नाही, ते तर कित्येकदा त्याने पियानोकडेच दिलं आहे.

ते चरख्याचं गाणं आठव. 19 ऑक्टोबर 1814 ला त्याने ते लिहिलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता, आणि तू ते पहिल्यांदा बसवलंस तेव्हा तूही तेवढाच. गटेच्या 'फाउस्ट'मधली मुलगी सूत कातत बसली आहे. उजव्या हातात चाक गरगरतं आहे. ती प्रियकराची चालण्याची ढब आठवते, त्याचं बोलणं, हाताचा स्पर्श, आणि मग त्याचं चुंबन. तिथे चाक थांबतं. हातातलं काम सुटलंय हे तिच्याही ध्यानात नाही. मग पियानो चाक पुन्हा सुरू करू बघतो. एकदा फिरतं, अडतं. दुसऱ्यांदा फिरतं, अडतं. मग कुठे चालू लागतं. तेवढा वेळ गाणारी गप्प उभी असते रे! त्या मुलीचा हात कापतोय हे त्या खोलीतल्या माणसांना कोण सांगतं? तू सांगतोस. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते आणि तू तो तुकडा वीस-पंचवीस वेळा वाजवलास. दर वेळी तो अडखळा तुला थोडा वेगळा हवा होता. लाटणं हातात धरून मी ऐकत उभी राहायचे.

शूमान या संगीतकाराचंही तसंच. 1840 या एका वर्षात त्याने शंभरावर गाणी लिहिली. हाइनेच्या कवितांची त्याची ती सोळा गाण्यांची माळ गेल्या वर्षी आपल्या ऑक्सफर्डच्या महोत्सवात झाली तेव्हा मी दाराशी स्वयंसेवक म्हणून ड्यूटीवर होते. शेवटचं गाणं संपतं, गायक तोंड मिटतो आणि पियानो एकटाच बोलत राहतो, मिनिटभराहून जास्त. दाराशी उभं राहिलं की श्रोत्यांचे चेहरे दिसतात. सगळे पियानोवरच्या हातांकडे बघत होते. गायकही मान किंचित खाली करून ऐकत होता. त्याला तिथून हलता येत नाही, कारण गाणं अजून संपलेलं नसतं.

शूबर्ट स्वतः कुठे बसायचा, हे तरी विसरू नकोस. फोगल नावाचा त्याचा गायक मित्र गायचा आणि शूबर्ट पियानोवर. 1825 च्या उन्हाळ्यात दोघं मिळून ऑस्ट्रियात हिंडत होते. तेव्हा त्याने भावाला, फर्डिनांडला, लिहिलं की फोगल गातो आणि मी वाजवतो तेव्हा त्या घटकेला आम्ही जणू एकच होतो, आणि इथल्या लोकांना हे अगदी नवीन आहे. ज्याने गाणं लिहिलं त्याला पियानोच्या बाकावर बसण्यात कमीपणा वाटला नाही. पोस्टरवर नाव न छापणाऱ्यांनी तो कमीपणा तुझ्या डोक्यात भरवावा आणि तू तो भरवून घ्यावास, हे मला सहन होत नाही.

आपल्या इथल्या त्या गाण्यांच्या महोत्सवाची स्वयंसेवकांची यादी परवाच आली. ऑक्टोबरातल्या दोन आठवड्यांत मला नऊ संध्याकाळी ड्यूटी आहे. होलीवेल म्युझिक रूममध्ये पाऊल टाकलं की दर वर्षी मला तेच वाटतं. पांढऱ्या भिंतींची साधी खोली, चढत्या अर्धवर्तुळात बाकं, दोनशेच्या आसपास माणसं, माईक नाही. 1748 साली गावातल्या गाणंवेड्यांनी वर्गणी काढून ती बांधली. वर्गणी काढून गाण्यासाठी खोली बांधणारे लोक मला परके वाटूच शकत नाहीत. मी इथे नवी होते तेव्हा हे गाणं मला जवळचं वाटलं ते त्या खोलीमुळे. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. ओठांवरचा शब्द दिसतो. हातात कवितांची पुस्तिका असते, डावीकडे जर्मन, उजवीकडे इंग्रजी, आणि गाणं संपल्यावर दोनशे पानं एकदम उलटतात. तो आवाज मला फार आवडतो. गाण्याच्या मध्ये कुणी उलटत नाही.

हा महोत्सव 2002 साली सुरू केला तो शोल्टो काइनॉक यांनी, आणि ते पियानोवादक आहेत! कुणा मोठ्या गायकाने नव्हे, 'मागे बसणाऱ्या' माणसाने तो उभा केला आणि अजून तेच चालवतात. 2014 साली त्यांनी शूबर्टची सगळी गाणी केली. सहाशेवर गाणी, तीन आठवड्यांत. तू चौदा वर्षांचा होतास. शाळा सुटली की दप्तरासकट यायचास आणि डावीकडच्या तिसऱ्या रांगेतच बसायचा हट्ट धरायचास, कारण तिथून हात दिसतात. आजूबाजूची पोरं त्या वयात कुठे बघत असतील ते असतील, तू त्या बोटांकडे बघत होतास. पियानोवाला व्हायचं हे तू त्या तीन आठवड्यांत ठरवलंस. सोलो वाजवणारा नव्हे, हा. मी विचारलं होतं, तेव्हा म्हणालास, "एकट्याने वाजवलं तर शब्द नसतात."

आणि आजोबा आले होते तो उन्हाळा. तू 'विंटररायझ' करत होतास, शूबर्टची 1827 मधली ती चोवीस गाणी. शेवटच्या गाण्यातला तो म्हातारा गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा राहून फिरकीचं वाद्य वाजवतोय. कुणी ऐकत नाही, ताटलीत पैसा नाही, कुत्री गुरगुरतायत, आणि त्याचा हात थांबत नाही. त्या गाण्यात डाव्या हाताला काय आहे? सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच दोन स्वर. षड्ज आणि पंचम. आजोबा शेजारच्या खोलीत पडले होते. त्यांना ना जर्मन येत होतं, ना शूबर्ट कोण ते ठाऊक होतं. ते उठून दारात आले आणि म्हणाले, "तंबोरा कोण छेडतंय?"

तू हात थांबवलास तर ओरडले, "थांबवू नको, थांबवू नको." मग खुर्ची ओढून तुझ्या डाव्या बाजूला बसले, डोळे मिटले आणि तुझ्या त्या दोन स्वरांवर त्यांनी षड्ज लावला. ऐंशी उलटलेला माणूस, आवाज कापत होता, पण जागेवर होता. नंतर म्हणाले, "जवारी नाही याला, तारेची ती घुमणारी गुणगुण नाही. पण माणसाला गायला जागा देतोय." आजोबा आयुष्यभर रेल्वेत कारकून होते. पण मिरजेत कुणाचंही गाणं असलं आणि तंबोऱ्याला माणूस कमी पडला की ते मागे बसायचे. तीन-तीन तास. ते घरी आले की त्यांच्या बोटांना तारेचे वळ असायचे आणि चेहरा असा, की जणू त्यांनीच गाऊन संपवलंय. मी तुला सांगते ते मी त्या चेहऱ्यावरून सांगते, पुस्तकातून नाही.

तुझं काम तर त्याहून किती पुढचं आहे. आपल्याकडे गवई "काळी एक" म्हणाला की पेटीवाला पट्टी सरकवून मोकळा होतो. तुला ती सोय नाही. हीच चोवीस गाणी उंच आवाजाच्या माणसाला एका पट्टीत, खालच्या आवाजाच्या माणसाला दुसऱ्या, आणि दर वेळी बोटं नव्याने बसवायची. त्या गायिकेला मध्ये श्वास कमी पडला तेव्हा तू तिच्यासाठी एक क्षण थांबलास, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही, असं तूच सांगितलंस. तिला कळलं. तिने नंतर तुझा हात धरला ना? बाकी सगळं तू कुरकुरत सांगितलंस, हे सांगताना आवाज बदलला होता तुझा.

झाकणाचं दुखणं काही तुझ्यापासून सुरू झालेलं नाही. जेराल्ड मूर, गायकांबरोबर पियानो वाजवणारा, या क्षेत्रातला केवढा माणूस. त्यांनी 1962 साली आत्मकथन लिहिलं तर त्याचं नावच ठेवलं, "मी फार मोठ्यानं वाजवतोय का?" आणि 20 फेब्रुवारी 1967 ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा श्वार्त्सकॉफ, दे लोस आन्हेलेस आणि फिशर-डीस्काउ असे तिघं त्यांच्यासाठी गायला आले. शेवटी मूर एकटे बसले आणि शूबर्टने संगीताचे आभार मानणारं जे गाणं लिहिलंय ते त्यांनी नुसतं पियानोवर वाजवलं. गायकाशिवाय. त्याची ध्वनिफीत तू मला ऐकवली होतीस, आठवतं का?

आता त्या मंडळींबद्दल. रागावून मेल पाठवू नकोस. तिथे जी माणसं खुर्च्या मांडतात, चहा करतात, तिकिटं फाडतात, ती माझ्यासारखीच फुकट राबणारी असतात. त्यांच्यातल्या कुणी तरी चुकीचं केलं म्हणून सगळी संस्था वाईट होत नाही, आणि अशा छोट्या गावांतल्या संस्था बंद पडल्या तर तुम्ही गाणार-वाजवणार कुठे? पण गप्पही बसू नकोस. पुढच्या वेळी हो म्हणण्याआधीच लिहून माग. पोस्टरवर दोघांची नावं एकाच आकारात. मानधन दोघांना सारखं. झाकण किती उघडायचं ते तू आणि गायिका तालमीत ठरवणार, तिसरं कुणी नाही. हे मागण्यात उर्मटपणा नाही. गायिकेला आधी विश्वासात घे. तिचाही आग्रह असेल तर त्यांना नाही म्हणणं जड जाईल.

17 तारखेला शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेव. 'विंटररायझ' आहे. तिसऱ्या रांगेत डावीकडची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत, त्या दिवशी माझी ड्यूटी नाही. येताना जाड कोट आण, मागच्या वेळी बाबांचा नेलास तो अजून परत आलेला नाही. माळ्यावरून आजोबांचा तंबोरा खाली काढायचा आहे, एक तार तुटली आहे. त्याच्या जवारीचा दोरा मी डब्यात जपून ठेवला आहे. तू असलास की दोघं मिळून लावू.

बाबांना मी सकाळी झाकणाची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, गॅरेजमध्ये गेले आणि ओकचा एक तुकडा घेऊन आले. झाकण टेकवायची छोटी दांडीसुद्धा उंच पडते आणि पूर्ण बंद केलं तर आवाज कोंडतो, मग तुमच्यातले काही जण मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवतात, असं तू मागे म्हणाला होतास ते त्यांच्या लक्षात आहे. वरून फेल्ट लावून देणार आहेत, म्हणजे पॉलिशला ओरखडा जाणार नाही. उंची किती हवी ते मोजून कळव, इंचात सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई